माहीत असलेल्या चुका

गणिताच्या पुस्तकांची अक्षरजुळणी हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. शाळा-कॉलेजच्या मास्तरांनी हाताने लिहिलेली प्रमेयं, समीकरणं आणि वेड्यावाकड्या आकृत्या माझ्याकडे येतात, मी त्या छापायच्या लायकीच्या करून परत देतो. त्यासाठी मी ‘लाटेक’ वापरतो, आणि आकृत्यांसाठी त्यातलं ‘टिक्झ’ नावाचं पॅकेज. यात माऊसने रेघ ओढायची नसते. ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ’ असं वाक्य लिहायचं आणि वाक्याच्या शेवटी अर्धविराम द्यायचा. आकृती काढायची नसते, सांगायची असते.

टिक्झचा कर्ता टिल टांटाऊ हा जर्मनीतल्या ल्यूबेक विद्यापीठातला प्राध्यापक. स्वतःच्या पीएचडीच्या प्रबंधातल्या आकृत्यांसाठी त्याने एक छोटीशी फाईल केली आणि ती वाढत गेली. आज तिची हस्तपुस्तिका १३०० पानांच्या वर आहे. टिक्झ हे नाव ज्या जर्मन वाक्याच्या आद्याक्षरांवरून आलंय त्याचा अर्थ आहे, ‘टिक्झ हा चित्र काढायचा प्रोग्रॅम नाही.’ आपण काय नाही हे नावातच सांगून टाकणारी वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. आमच्याकडे दुकानाच्या पाटीवर ‘येथे सर्व काही मिळेल’ असं लिहायची पद्धत आहे.

बरीच वर्षं काम केल्यावर कुठल्याही हत्याराचे दोष हाताला पाठ होतात. टिक्झचेही झाले आहेत. काही टिक्झचे स्वतःचे, काही त्याच्या पोटातल्या ‘टेक’चे. टेकला १६,३८४ पॉइंटांपेक्षा मोठी लांबी समजत नाही. म्हणजे पावणेसहा मीटरच्या आसपास. एवढा कागद कोण छापतो, असं वाटेल. पण आडव्या अक्षावर २००१ ते २०२० ही वर्षं मांडायला जा. टिक्झ साध्या आकड्याला सेंटिमीटर समजतं, २००१ सेंटिमीटर म्हणजे वीस मीटर, आणि ‘डायमेन्शन टू लार्ज’ म्हणून काम थांबतं. तोडगा सोपा आहे. प्रत्येक वर्षातून २००० वजा करायचे, १ ते २० मांडायचे आणि खाली वर्षांची नावं वेगळी लिहायची.

दुसरा दोष चौकटीचा. वक्ररेषा काढताना ती ज्या अदृश्य बिंदूंकडे ओढली जाते, ते बिंदूही टिक्झ चित्राच्या आकारात धरतं. मग आकृतीभोवती उगाच पांढरी जागा सुटते. मास्तर विचारतात, ‘ही जागा कुणासाठी ठेवलीय?’ तोडगा असा की चौकट आपणच सांगायची. नंतरच्या आवृत्तींमध्ये त्यासाठी वेगळी सोयही आली. तिसरा दोष फ्रेंच लोकांचा. फ्रेंच छपाईत अर्धविरामाआधी थोडी मोकळी जागा सोडतात, म्हणून त्या भाषेची व्यवस्था अर्धविरामाला स्वतःच्या ताब्यात घेते. मग टिक्झला आपलं वाक्य कुठे संपलं तेच कळत नाही. त्यावरही तोडगा आहे, तो त्याच नावाच्या एका जोडफाईलमध्ये मिळतो.

असे दोष गुपित नसतात. ते हस्तपुस्तिकेत लिहिलेले असतात, यादीत नोंदलेले असतात आणि शेजारी तात्पुरता तोडगाही दिलेला असतो. ही रीत या जगात वरूनच आली आहे. टेक लिहिणाऱ्या डोनाल्ड क्नूथने १९७८ पासून स्वतःच्या प्रोग्रॅममधली प्रत्येक चूक वहीत मांडली आणि १९८९ मध्ये चुकांचा तो सगळा हिशेब छापून टाकला. पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला तो २.५६ डॉलरचा चेक पाठवायचा. प्रोग्रॅममधल्या चुकीचं बक्षीस दरवर्षी दुप्पट करत त्याने ३२७.६८ डॉलरपर्यंत नेलं. लोकांनी ते चेक वटवले नाहीत, फ्रेम करून भिंतीवर लावले. टेकच्या आवृत्तीचा क्रमांक दर सुधारणेला ‘पाय’च्या किमतीच्या एक अंक जवळ सरकतो. आपण गेल्यावर आवृत्ती ‘पाय’वर थांबवावी आणि तेव्हा उरलेला प्रत्येक दोष हे वैशिष्ट्य समजावं, असं क्नूथने सांगून ठेवलंय. आपल्या बाबतीत अशी सोय नाही. आपल्याला आपल्या दोषांचा हिशेब मेल्यानंतरच द्यायचाय.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही मी एक दोष लपवला. त्याचीच ही गोष्ट आहे.

आमच्या मोहल्ल्यात बायकांसाठी संध्याकाळचा वाचन-लेखनाचा वर्ग चालतो. मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवतात. वर्ष संपताना त्रेचाळीस जणींना प्रमाणपत्र द्यायचं ठरलं आणि ते बनवायचं काम माझ्याकडे आलं. पैसे मी घेणार नव्हतो. संस्थेला प्रमाणपत्रावर गोल मुद्रा हवी होती. वरच्या कमानीवर मराठीत नाव, खालच्या कमानीवर तेच उर्दूत. मराठी नावात ‘शिक्षण’ आणि ‘सभा’ हे शब्द होते, उर्दू नावात ‘तालीम’. मराठीत तालीम म्हटलं की लाल माती आणि लंगोट आठवतो, उर्दूत ते शिक्षण. वर्गातल्या बायका यावर हसायच्या.

वळणावर अक्षरं बसवायची सोय टिक्झमध्ये आहे. पण ती इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून केलेली आहे. ती मजकुरातलं एकेक अक्षर सुटं काढते, वेगळ्या चौकटीत ठेवते आणि ती चौकट वळणाप्रमाणे तिरपी करून चिकटवते. अक्षरांमधले जोड आणि अंतरं यात हरवतात, हवी असतील तर स्वतः हाताने गट करा, असं हस्तपुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय. इंग्रजीत याने फारसं बिघडत नाही. मराठीत काय होतं ते पाहा. ‘शिक्षण’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. संगणकात तो सहा तुकड्यांचा आहे. श, ऱ्हस्व इकार, क, हलन्त, ष आणि ण. टिक्झने सहाही तुकडे सुटे केले. वेलांटी श सोडून पुढे गेली आणि एका ठिपक्यांच्या पोकळ वर्तुळाला टांगून उभी राहिली. क्ष फुटला. पहिली प्रत पाहून मला हसू आलं.

यावर तोडगा आहे आणि तो कागदोपत्री सांगितलेला आहे. जे एकत्र राहायला हवं त्याला महिरपी कंसात ठेवायचं. ‘शि’ एका कंसात, ‘क्ष’ एका, ‘ण’ एका. मग टिक्झ त्या गटाला एकच अक्षर समजतं. जोनाथन क्यूने २००४ मध्ये आणलेल्या ‘झीटेक’मुळे कंसातलं जोडाक्षर व्यवस्थित जुळतं.

यानंतर शिरोरेघेचा प्रश्न आला. बाहेरच्या वळणावर अक्षरं पंख्यासारखी पसरतात. पाय जवळ, डोकी लांब. त्यामुळे दोन अक्षरांच्या मध्ये शिरोरेघ तुटते. मी तोडगा काढला की त्याच उंचीवर, तेवढ्याच जाडीची एक कमान वरून ओढून घ्यायची. ओढली. छान दिसलं. नीट पाहिलं तर ‘सभा’ची ‘समा’ झाली होती. भ आणि ध यांच्या डोक्यावर रेघ पूर्ण नसते, तिथे फट असते. ती फट मी बुजवली होती. मग त्या एका जागी कमान तोडून पुन्हा ओढली. यात रात्रीचे दीड वाजले. पण मराठी कमान अशी बसली की मी ती दोनदा मोठी करून पाहिली.

मग उर्दूकडे वळलो.

‘तालीम’ उर्दूत पाच अक्षरांत लिहितात. ते, ऐन, लाम, ये, मीम. पाचही एकमेकांना जोडलेली. आणि नस्तालीक लिपीत शब्द नुसता जोडलेला नसतो, तो उजवीकडून डावीकडे उतरत येतो, जिना उतरावा तसा. प्रत्येक अक्षराचं रूप त्याच्या शेजाऱ्यावर ठरतं. टिक्झने तो शब्द घेतला, पाच सुटी अक्षरं केली आणि डावीकडून उजवीकडे मांडली. म्हणजे तुटकाही आणि उलटाही. क्रम मी हाताने फिरवला, तेवढं जमलं. पण अक्षरं सुटी ती सुटीच. पूर्ण शब्द कंसात ठेवावा तर तो एका सरळ फळीसारखा कमानीवर आडवा बसायचा, दोन्ही टोकं बाहेर. दुसरे उपाय होते. शब्दाची रेखाकृती दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये वाकवून आणता आली असती. किंवा उर्दू कमानीवर नको, मधे सरळ ठेवू या, असं संस्थेला सांगता आलं असतं.

पहाटेचे साडेतीन वाजले होते. सकाळी दहाला छापखान्यात फाईल द्यायची होती. मी सुटी अक्षरं तशीच ठेवली. मुद्रा लहान होती, अक्षरं त्याहून लहान. नक्षीसारखी दिसत होती. मी मनाशी म्हटलं, हे कोण वाचणार आहे?

या वाक्याचा मला आजही त्रास होतो. वाचायला नुकत्याच शिकलेल्या त्रेचाळीस बायकांच्या प्रमाणपत्राबद्दल मी ते म्हटलं होतं.

समारंभ झाला. पेढे वाटले. माझ्या शेजारच्या खुर्चीवर आमच्या गल्लीतली एक खाला बसली होती. साठीच्या पुढची, आयुष्यभर दुसऱ्यांची शिवणकामं केलेली. प्रमाणपत्र तिने मांडीवर ठेवलं. आधी स्वतःचं नाव वाचलं, मोठ्याने. मग तारीख वाचली. मग मुद्रेवर बोट ठेवलं आणि वरची कमान सावकाश वाचून काढली. बोट खाली आलं. ती थांबली. पुन्हा उजवीकडून सुरू केलं. ते… ऐन… पुन्हा थांबली. चष्मा पुसला. मग प्रमाणपत्राची घडी न करता ते पिशवीत सरकवत ती स्वतःशीच म्हणाली, ‘अबी मेरा पढना कच्चाच है.’

मी शेजारी होतो. मला तेव्हाच बोलता आलं असतं. ‘खाला, तुमचं वाचन बरोबर आहे, माझं लिहिणं चुकलंय.’ एवढं एक वाक्य. मी पेढा खात राहिलो.

आपण लहानपणी एक प्रसंग ऐकलेला असतो. पैगंबर बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगात हात घालतात, तर आतलं धान्य ओलं निघतं. व्यापारी सांगतो, पावसाने भिजलं. त्यावर ते त्याला विचारतात की मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. मला यात नेहमी एक गोष्ट जाणवते. धान्य ओलं झालं यात व्यापाऱ्याचा दोष नव्हता. पाऊस त्याने पाडला नव्हता. त्याला पुसलं गेलं ते कोरडं वर आणि ओलं खाली ठेवल्याबद्दल. नस्तालीक कमानीवर बसत नाही यात माझा दोष नाही. टिक्झचाही नाही, त्याने तर आपली ओली बाजू हस्तपुस्तिकेत वर काढून ठेवली आहे. ती खाली दाबली मी.

दुसऱ्या दिवशी मी प्रमाणपत्राची एक प्रत घेऊन आमच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या कातिबचाचांकडे गेलो. उर्दू मजकूर छपाईसाठी हाताने लिहून देणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. संगणकावर उर्दू येईपर्यंत पुस्तकं, पत्रकं, लग्नाच्या पत्रिका सगळं कातिबच लिहायचे आणि त्यावरून छापलं जायचं. त्यांनी मुद्रा डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाले, ‘बेटा, ये हिज्जे है. लफ्ज कहाँ है?’

मी त्यांना सगळी अडचण सांगितली. सुट्या चौकटी, महिरपी कंस, झीटेक. त्यांना त्यातलं काही कळायचं कारण नव्हतं, पण मुद्दा लगेच कळला. ते म्हणाले, मशीनला नस्तालीक कधी अक्षराने जमलंच नाही. आणि ते खरंच आहे. १९८१ च्या सुमारास मिर्झा अहमद जमील यांच्या अक्षरावरून ‘नूरी नस्तालीक’ संगणकावर आलं आणि लाहोरचा ‘जंग’ त्यात निघू लागला. तेव्हा अक्षरं जोडायचा प्रश्न त्यांनी सोडवला नव्हता. त्याला वळसा घातला होता. सुमारे २० हजार जोड आधीच पूर्ण लिहून आत भरून ठेवले होते. शब्दाचा तुकडा मागितला की तयार तुकडा बाहेर. म्हणजे २० हजार महिरपी कंसच म्हणा. तोडगाच होता तो, पण तोडगा आहे हे कुणी लपवलं नाही, आणि वाचणाऱ्याला शब्द अखंड मिळाला.

मी चाचांना विचारलं, तुमच्याकडून चूक झाली तर काय करायचा? एकदोन अक्षरं असली तर ब्लेडने खरवडून पुन्हा लिहायची, म्हणाले. आणि छापून झाल्यावर दिसली तर ‘गलतनामा’. पुस्तकाच्या शेवटी एक पान, कुठे काय चुकलंय आणि तिथे काय वाचायचं. मला आपल्या जुन्या मराठी पुस्तकांतलं शुद्धिपत्र आठवलं. पृष्ठ, ओळ, अशुद्ध, शुद्ध असे चार रकाने. शाळेत असताना मला ते पान म्हणजे लेखकाची फजिती वाटायची. आता वाटतं, त्या पानामुळेच बाकीच्या पानांवर विश्वास ठेवता येतो.

मी मुद्रा नव्याने केली. मराठी वर, कमानीवर. उर्दू मधोमध, सरळ, दोन ओळींत, अखंड. कमान खाली रिकामी राहू नये म्हणून तिथे फक्त वर्ष लिहिलं. आकडे कुठल्याही वळणावर बसतात, त्यांना जोड नसतो. त्रेचाळीस प्रती माझ्या खर्चाने छापल्या. संस्थेच्या सचिवांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, ‘कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कशाला उगाच?’ मी म्हटलं, लक्षात आलं होतं. फक्त जिच्या लक्षात आलं तिने दोष स्वतःकडे घेतला.

प्रत्येक प्रतीबरोबर एक चिठ्ठी दिली. मोठ्या अक्षरांत, मराठी आणि उर्दू दोन्हींत. त्यात लिहिलं होतं की पहिल्या प्रमाणपत्रातल्या मुद्रेवर उर्दू नाव चुकीचं छापलं गेलं. ते वाचता आलं नसेल तर चूक वाचणारीची नाही, छापणाऱ्याची आहे.

खालाच्या घरी मी स्वतः गेलो. तिने चिठ्ठी माझ्यासमोर वाचली, बोट ठेवून, एकेक शब्द. वेळ लागला. मग मधली उर्दू वाचली, एका दमात. मी जुनं प्रमाणपत्र परत मागितलं तर दिलं नाही. म्हणाली, ‘रहने दे. उसमें गलती मेरी नई थी.’

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. टेकच्या फाईलमध्ये टक्क्याची खूण केली की त्या ओळीतलं पुढचं काही छापलं जात नाही. आपल्यासाठी टिपण लिहायची ती जागा. प्रत्येक कामाच्या फाईलच्या डोक्यावर मी अशा खुणेने ‘माहीत असलेल्या चुका’ असं लिहितो आणि खाली यादी. कुठे कमान हाताने तोडली आहे, कुठे वर्षातून २००० वजा केले आहेत, कुठली आकृती आडवी ताणल्यामुळे तिच्यातला कोन मोजला तर बरोबर येणार नाही. फरक एवढाच की आता ही यादी मी बिलाबरोबर वेगळ्या कागदावर छापूनही देतो. एका मास्तरांनी ती पाहून काम दुसरीकडे नेलं. ‘तुम्हालाच एवढ्या चुका दिसतात तर…’ म्हणाले. दुसऱ्या एकांनी यादीतल्या कोनाची गोष्ट पाहून आकृतीखाली एक ओळ वाढवली, की ही आकृती मोजमापासाठी नाही. ती ओळ नसती तर मुलांनी कोनमापक लावून पाहिलं असतं आणि आपलंच मोजणं चुकतंय असं समजून खोडून लिहिलं असतं.

नस्तालीक कमानीवर बसवणं मला अजून जमलेलं नाही. माझ्या यादीत ती नोंद पहिली आहे.